तुमचे प्रश्न: इंग्रजीत बोलायला उभं राहिलं की सगळं विसरतं

या वेळी आलेल्या पत्रांत कॉलेजच्या मुलामुलींची पत्रं एवढी होती, आणि सगळी फिरून फिरून त्याच जागी येत होती, की म्हटलं चला, अख्खा कॉलम यालाच देऊ. नावं काढलीत, काही पत्रं छाटलीत. ज्यांची छापली नाहीत त्यांनी रागावू नये, बहुतेकांचं उत्तर कुठेतरी आत सापडेल.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. गाव जालना जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी मिडियम. मागच्या सेमिस्टरला सेमिनार होता, टॉपिक सोलर पंपाचा कंट्रोलर. आमच्याच शेतावर तो पंप बसलाय, मागेल त्याला सौर पंप योजनेतला, त्यामुळे मला त्यातलं बरंच माहीत होतं. दहा मिनिटं बोलायचं होतं. मी पूर्ण स्क्रिप्ट लिहिली, मित्राकडून ग्रामर चेक करून घेतलं आणि रात्री अडीचपर्यंत पाठ केली. सकाळी चौथ्या स्लाईडवर एक शब्द आठवेना आणि मग पुढचं काहीच आठवेना. सर दोनदा कंटिन्यू म्हणाले, मी स्लाईड वाचून दाखवल्या आणि बसलो. आता फायनल इयरला प्रोजेक्टसाठी बाहेरचे एक्झामिनर येणार. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझे नंबर यायचे, मग इंग्रजीतच असं का होतं?

उत्तर: कारण तू पाठ केलंस. बाकी काही नाही. मला माहितीये तुला वाटतंय की इंग्रजी कच्चं म्हणून झालं, पण पत्र नीट वाच, ग्रामर तर मित्राने तपासून दिलेलं होतं, म्हणजे कागदावरचं इंग्रजी पक्कंच होतं की. आणि धीर नाही म्हणावं तर तू स्पर्धा गाजवलेला मुलगा.

आपल्याकडे भाषण म्हणजे काय हे पोरांना पंधरा ऑगस्टला कळतं. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपासून ते जय हिंद जय महाराष्ट्रपर्यंत सगळं बाईंनी लिहून दिलेलं, आपण घडाघडा म्हणायचं. मराठीत ते खपतं कारण मध्ये एखादं वाक्य गळालं तर तुझं स्वतःचं मराठी धावून येतं, तू काहीतरी घालून पुढे जातोस, ऐकणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. इंग्रजीत तसं धावून येणारं अजून कोणी नाही. पाठ केलेलं भाषण पाढ्यासारखं असतं, सतरा सक किती विचारलं तर आपण मनात सतरा एके पासून सुरू करतो, मधूनच उचलता येत नाही. तुझा चौथ्या स्लाईडवर एक शब्द गेला आणि पुढचा सगळा पाढाच गेला. विषय डोक्यात होताच, पण तू विषय आठवतच नव्हतास, तू वाक्यं आठवत होतास.

तेव्हा फायनल इयरला स्क्रिप्ट लिहू नकोस. खरंच लिहू नकोस, लिहिलीस की पाठ करशील. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ. पहिली दोन का, तर भीती सगळ्यात जास्त असते ती नाव पुकारायच्या आधी आणि उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटात, छाती धडधडते, घशाला कोरड पडते, हात थरथरतात, आणि नंतर बोलत राहिलं की ती आपोआप उतरत जाते. तेवढं पहिलं मिनिट तोंडाला सवयीने चालू द्यायचं.

बाकीच्यासाठी प्रत्येक स्लाईडला एक प्रश्न ठरव. उदाहरणार्थ तुझ्याच कंट्रोलरची स्लाईड घेऊ. प्रश्न काय, तर ढग आला की मोटर बंद पडते का? आता हे आधी मराठीत सांग, ते पण तुझ्या ब्रँचच्या मुलाला नाही, मेसमध्ये शेजारी बसणाऱ्या कॉमर्सवाल्याला सांग. की बाबा ऊन दिवसभर सारखं नसतं, पॅनलमधून निघणारी पॉवर कमीजास्त होते, तर त्या त्या वेळी जास्तीत जास्त जेवढी निघेल तेवढी काढून कंट्रोलर मोटरला देतो आणि मोटरला अगदीच पुरेना झाली तर बंद करतो. त्याला कळलं की मग इंग्रजीत: द सनलाइट चेंजेस ऑल डे. द पंप मस्ट स्टिल रन. सो द कंट्रोलर टेक्स द मॅक्झिमम पॉवर अ‍ॅव्हेलेबल अ‍ॅट दॅट मोमेंट. बघ, पाचवीच्या पुस्तकातली वाक्यं आहेत आणि कुठलाही एक्झामिनर यावर मान डोलावेल. तू जी स्क्रिप्ट लिहिली असशील त्यात नक्की एखादं साडेतीन ओळींचं वाक्य असणार ज्यात विच, व्हेअरबाय वगैरे, आणि त्यातच पाय अडकला असणार.

प्रॅक्टिस उभं राहून, मोठ्या आवाजात, लॅपटॉप समोर ठेवून करायची. गादीवर पडून पुटपुटणं म्हणजे प्रॅक्टिस नाही. प्रत्येक वेळी शब्द वेगळे आले पाहिजेत, तेच शब्द यायला लागले तर समज की परत पाठ होतंय. आणि एक मुद्दाम कर, रूममेटला सांग कुठलीही स्लाईड उघड, सहावी उघड, आठवी उघड, आणि तिथून सुरू कर. मधूनच उचलायची सवय झाली की चौथ्यावर अडलास तरी पाचवी हातात असते.

राहता राहिले एक्झामिनर. ते चेहऱ्यावरची माशी हलू देत नाहीत आणि आपल्याला वाटतं आपलं काहीतरी चुकतंय. जर्मनीत ट्रिअर नावाचं गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत 1993 साली माणसाला लॅबमध्ये हमखास ताण कसा आणायचा याची एक टेस्ट तयार झाली, आजही जगभर वापरतात. काय करतात, तर माणसाला पाच मिनिटं बोलायला लावतात आणि समोर बसलेल्या पॅनलला सांगून ठेवलेलं असतं की हसायचं नाही, मान हलवायची नाही, दगडासारखं बसायचं. मग 1022 मधून तेरा तेरा वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला लावतात, चुकला की पहिल्यापासून. ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, बहुतेकांचं सरकन वर जातं. म्हणजे समोरचा दगडी चेहरा बघून तुला घाम फुटला तर त्याचा तुझ्या प्रोजेक्टशी काही संबंध नाही, तो चेहराच तसं करतो. बिचारे एक्झामिनर सकाळपासून विसावं प्रेझेंटेशन ऐकत असतात, त्यांना भूक लागलेली असते. तू तुझ्या गाईडकडे नाहीतर ग्रुपमधल्या मित्राकडे बघून बोल.

प्रश्न विचारला आणि कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर" म्हणायला लाजू नकोस, त्यात तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो. आकडा माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, चेक करून सांगतो म्हण. थापा मारू नकोस, इंग्रजीत थापा मारायला इंग्रजी फार चांगलं लागतं.

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोलीची, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजीतून. आता ताळगावला युनिव्हर्सिटीत एमए करते. वाचलेलं कळतं, पेपर चांगले जातात. पण सेमिनारला तोंड उघडलं की मागच्या बाजूला बसलेल्या मुली हसतात असं वाटतं. खरंच हसतात की मलाच वाटतं ते माहीत नाही. माझा चेहरा लाल होतो, आवाज कापतो, आणि तो सगळ्यांना दिसतोय या विचाराने आणखी कापतो. मागच्या प्रेझेंटेशनला ताप आलाय सांगून मी गेलेच नाही.

उत्तर: त्या दिवशी फार हलकं वाटलं असेल ना? सुंठेवाचून खोकला गेला. तोच तर घोळ आहे. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मनाला तेवढंच लक्षात राहतं की टाळलं म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळेला भीती आणखी मोठी होऊन येते. ताप एकदा ठीक आहे, दुसऱ्यांदा येऊ देऊ नकोस.

आता हसण्याचं. 2000 साली अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत टॉम गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या एकेका मुलाला एका जुन्या गायकाचं मोठं तोंड छापलेला टीशर्ट घालायला दिला, पोरांच्यात तो गायक म्हणजे अगदीच बावळट आवड समजली जायची, आणि त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्याचा अंदाज, निम्म्या लोकांना तरी दिसलंच असणार. प्रत्यक्षात चौघांत एकाच्या आसपास लोकांनाच लक्षात आलं. आपल्याला आपण जेवढे दिसतो तेवढे लोकांना आपण दिसत नाही, त्यांना त्यांचेच व्याप असतात.

आणि त्याच मंडळींचं पुढचं काम तुझ्यासाठी जास्त कामाचं आहे. 2003 साली सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी भाषण करणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की तुम्हाला आतून जेवढी भीती वाटते तेवढी ती बाहेर दिसत नाही, लोकांना आतलं कळत नाही. नुसतं एवढं सांगितलं. ज्यांना सांगितलं त्यांची भाषणं चांगली झाली, त्यांना स्वतःला तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही. बाकी काही शिकवलं नव्हतं. म्हणून तुला पण सांगते, तुझा आवाज तुला कानाच्या आतून ऐकू येतो, तिसऱ्या रांगेत तो जरा हळू आवाज एवढाच पोचतो. विश्वास नसेल तर मैत्रिणीला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लाव आणि दुसऱ्या दिवशी बघ. लगेच बघू नकोस, लगेच बघितलं की आपण फक्त नाक आणि केस बघतो.

मी असं म्हणत नाही की कोणीच हसत नाही. हसणारे असतात, दरवर्षी एक बाक असतोच. घरात आईवडील इंग्रजी बोलत होते म्हणून ज्यांना ते आयतं मिळालं त्यांना ते आपलं कर्तृत्व वाटतं, वयाचा दोष आहे, उतरतो. पण खरंच कोणी तोंडावर टिंगल करत असेल तर ते सोसायचं नाही, शिकवणाऱ्यांना जाऊन सांगायचं, वर्ग सांभाळणं त्यांचं काम आहे.

एक गंमत सांगते. परक्या भाषेच्या वर्गात बोलायची भीती मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरतात, तेहतीस वाक्यांची, 1986 ची, हॉरविट्झ बाईंची, ती टेक्सासमध्ये तयार झाली. कुणावरून, तर स्पॅनिश शिकणाऱ्या अमेरिकन मुलांवरून. दुसरे माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, मी बोलले की हसतील, असलीच वाक्यं आहेत त्यात. ज्यांच्या इंग्रजीला आपण घाबरतो ती पोरं स्पॅनिशच्या तासाला तुझ्यासारखीच मान खाली घालून बसत होती. त्यामुळे हे डिचोलीमुळे नाही आणि मराठी शाळेमुळे तर अजिबात नाही.

आता करायचं काय. स्वतःच्या प्रेझेंटेशनची वाट बघू नकोस. दुसऱ्या कुणाच्या सेमिनारला पुढच्या रांगेत बस, म्हणजे मागचे दिसणार नाहीत, आणि एक प्रश्न आधीच तयार करून जा. एकच, एका ओळीचा. शेवटी एनी क्वेश्चन्स म्हटल्यावर पहिला हात तुझा. उशीर केलास की दुसऱ्यांचे प्रश्न ऐकून आपला बावळट वाटायला लागतो. दोन-तीन आठवडे एवढंच. मग दोन ओळींचं मत मांड. त्या वर्गाच्या हवेत तुझा आवाज तुला ओळखीचा झाला पाहिजे, प्रेझेंटेशनच्या दिवशी पहिल्यांदा नको.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीने व्हायवाच्या आधी बीपीची एक गोळी घेतली, तिचे हात अजिबात थरथरले नाहीत. मी पण घेऊ का? मला दम्याचा पंप आहे, बाकी काही आजार नाही. — नागपूर

उत्तर: नाही. आणि दमा आहे म्हणून तर अजिबात नाही.

ती गोळी बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असणार. ती धडधड आणि थरथर कमी करते हे खरं आहे, पण दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका तिने आवळल्या जाऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. दमा नसलेल्यांनी पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, मैत्रिणीच्या पर्समधून तर नाहीच. शिवाय ती हात धरते, डोक्यात चाललेलं लोक काय म्हणतील ते थांबवत नाही. मैत्रिणीलाही सांग हे.

थरथरणाऱ्या हाताचा साधा उपाय म्हणजे हातात सुटा कागद धरू नकोस, कागद थरथर दहापट करून दाखवतो, पुठ्ठ्याचं कार्ड धर नाहीतर हात टेबलावर ठेव. आणि स्वतःला शांत हो, शांत हो म्हणत बसू नकोस, एवढी धडधड चालू असताना कोण शांत होतंय. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह आलाय" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त आवडली. भीती काय नि उत्साह काय, धडधड तीच असते. बाथरूममध्ये जाऊन म्हण, मराठीत म्हटलं तरी चालतं.

पण एक बघ. नुसतं स्टेजच नाही तर दुकानात विचारायला, फोन उचलायला, कॅन्टीनमध्ये चारचौघांत खायला सुद्धा भीती वाटत असेल आणि हे महिनोनमहिने चाललं असेल तर हा कॉलम पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञाला भेट, याच्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: लॉ कॉलेज, कोल्हापूर. मूट कोर्टसाठी, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटूच्या कोर्टात बाजू मांडायची स्पर्धा असते तिच्यासाठी, टीममध्ये माझं नाव आलंय. ड्राफ्टिंग माझं चांगलं आहे पण जज मध्येच प्रश्न विचारतात तिथे माझी बोबडी वळते. वडील म्हणतात वकिली मराठीत कर, नाहीतरी इथल्या कोर्टात मराठीच चालतं. सोडून देऊ का मूट?

उत्तर: वडिलांचं अर्धं बरोबर आहे. खालच्या कोर्टात मराठी चालतं आणि चांगली वकिली मराठीत करता येते, त्यात कमीपणा काही नाही. पण हायकोर्टाची भाषा इंग्रजी, आणि आता तर 2025 च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तुमच्या कोल्हापुरातच बसतंय. पूर्वी मुंबईला जावं लागायचं म्हणून तरी सोडून देता यायचं, आता दारातच आलंय.

आणि बोबडी वळण्याचं म्हणशील तर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात एक नवा बॅरिस्टर मामीबाई नावाच्या बाईंच्या केसमध्ये उलटतपासणीला उभा राहिला, पाय लटपटले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसला, केस दुसऱ्या वकिलाला द्या म्हणाला, तीस रुपये फी परत केली, आणि दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत परत कोर्टाची पायरी चढला नाही. हे मोहनदास गांधींनी स्वतःच लिहून ठेवलंय. माणूस लंडनहून शिकून आलेला, म्हणजे इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. आणि पुढे प्रिटोरियाला गेल्यावर तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर धंद्यातल्या खरेपणावर बोलायला उभे राहिले ते तयारी करून, मनापासून पटलेल्या विषयावर, तिथे जमलं. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं जाहीर भाषण. मला यातलं काय आवडतं, तर स्वभाव बदलला नव्हता, लाजाळू ते पुढेही राहिले.

तुझ्यासाठी मूट सोपं आहे असं मी म्हणेन, हसू नकोस. कारण कोर्टाच्या इंग्रजीत निम्मी वाक्यं तयार असतात. मे इट प्लीज द कोर्ट. आय विल कम टू दॅट पॉइंट, माय लॉर्ड. आय स्टँड करेक्टेड. ही पाठ करायची, इथे पाठांतर चालतं, वर सोलर पंपवाल्याला मी नाही म्हटलं ते वेगळं. ही वाक्यं तोंडात बसली की जजने टोकलं तरी तोंडातून काहीतरी सभ्य बाहेर पडतं आणि तेवढ्यात डोकं चालू होतं. प्रॅक्टिसला टीममधल्या मुलाला जज कर आणि दर अर्ध्या मिनिटाला टोकायला सांग, मुद्दाम वाकडे प्रश्न. खऱ्या मूटचा जज त्यापेक्षा मवाळच निघतो. सोडू नकोस.

प्रश्न: मी सोलापूरकडच्या एका कॉलेजात कंपल्सरी इंग्लिश शिकवतो. वर्गात ऐंशी मुलं. ओरल घ्यायची म्हटलं की निम्मी गैरहजर. जे बोलतात त्यांच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करतो, पण मग ती पुन्हा हात वर करत नाहीत. चुका सोडून द्यायच्या का?

उत्तर: सर, सोडून नका देऊ, पण मध्ये तोडू नका. पोरगं "ही डोन्ट नो" म्हणालं आणि तुम्ही लगेच "डझन्ट" म्हणालात की त्याचा पुढचा विचार गेला, वर ऐंशी जणांसमोर त्याला कळलं की बोललं की चूक निघते. बोलू द्या, तुमच्या वहीत लिहून ठेवा, तासाच्या शेवटी तीन-चार चुका फळ्यावर घ्या, कुणाच्या ते सांगायचं नाही. ज्याची त्याला बरोबर कळते.

दुसरं म्हणजे तुम्ही रोल नंबरने उठवत असाल तर ते आधी बंद करा. पस्तीस, छत्तीस करत नंबर जवळ येतो तसा पोटात गोळा येतो, सदतीस नंबरवाल्याला छत्तीस काय बोलला हे विचारा, त्याने एक शब्द ऐकलेला नसतो. विषय आदल्या दिवशी सांगा. आधी शेजारच्याला सांगू द्या, बसल्या जागी, ऐंशी मुलं म्हणजे चाळीस जोड्या, गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जातील, होऊ दे. मग चौघांत. मग चौघांतला एक उभा राहून वर्गाला सांगेल, आणि त्याने स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं. दुसऱ्याचं सांगताना भीती कमी असते, चुकलं तरी त्याचं. तयारी मराठीत करू द्या, दोन मिनिटं मराठीत मुद्दे काढले तर इंग्रजी बिघडत नाही, उलट काय बोलायचं ते तरी असतं. आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या समोरची बहुतेक मुलं बारा-तेरा वर्षं हा विषय शिकून आलीत. त्या सगळ्या वर्षांत सलग एक मिनिट स्वतःचं काही इंग्रजीत बोललेले किती आहेत ते एकदा वर्गात हात वर करायला लावून बघा. दहावीची तोंडी सुद्धा बहुतेकांनी पाठ करून दिलेली असते. त्यांना येत नाही म्हणण्यापेक्षा त्यांना कोणी बोलूच दिलेलं नाही, असं मला तरी वाटतं. आणि मार्क देताना मुद्द्याचे वेगळे नि भाषेचे वेगळे ठेवा, आणि ते आधी सांगा.

प्रश्न: नाशिकची आहे, सध्या जर्मनीत आखेनला मास्टर्स करते. इथे प्रेझेंटेशन इंग्रजीतच असतात. माझं ग्रामर वर्गातल्या इटालियन, स्पॅनिश मुलांपेक्षा बरं आहे तरी लोक मला परत परत "सॉरी?" म्हणतात आणि त्यांना म्हणत नाहीत. अ‍ॅक्सेंटचा ऑनलाइन कोर्स करू का?

उत्तर: पैसे वाचव. लोक सॉरी म्हणतात ते बहुतेक वेगामुळे. घाबरलं की आपण पळतो, लवकर संपवून बसावं म्हणून, आणि मराठी बोलायच्या वेगाने इंग्रजी बोलतो. दुसरं कारण म्हणजे आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो, मराठीत तसंच असतं. इंग्रजीत जोर एका ठिकाणी असतो आणि ऐकणारा तोच धरून शब्द ओळखतो. डेव्हलपमेंटमध्ये जोर "व्हे"वर, इक्विपमेंटमध्ये "क्वि"वर. अ‍ॅनालिसिस तर आपण पहिल्या अक्षरावर आपटतो, तो जोर दुसऱ्यावर पाहिजे, आणि अ‍ॅनालिटिकल झालं की परत सरकून "लि"वर. तुझ्या विषयातले सारखे सारखे येणारे वीस-पंचवीस शब्द काढ, ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण असतं ते दाबून ऐक, जोराच्या जागी पेन्सिलने खूण कर. व्ही आणि डब्ल्यू आपला एकच होतो, त्याची काळजी सोड, संदर्भाने कळतं. तुझ्यासमोर बसलेल्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाहीच, जगातच इंग्रजी बोलणाऱ्यांत परकेच जास्त आहेत, त्यांना तुझा नाशिकचा अ‍ॅक्सेंट चालतो, फक्त दोन वाक्यांत जरा थांब.

प्रश्न: 30 दिवसांत फाडफाड इंग्रजी अशी जाहिरात बघितली, फी बारा हजार. लावू का क्लास? स्टेज डेअरिंग पण शिकवतात म्हणे. — बी.कॉम., बीड

उत्तर: डेमो लेक्चर असेल तर जाऊन बस आणि घड्याळ लाव. तासाभरात सर किती मिनिटं बोलले आणि मुलं किती मिनिटं बोलली ते मोज. सरच फाडफाड बोलत असतील तर त्यांचं इंग्रजी सुधारेल, तुझं नाही. बारा हजार एकदम भरू नकोस, महिन्याची फी भरता येत नसेल तर निघून ये.

पुण्यामुंबईत कधी असशील तर टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत, 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे, पाहुणा म्हणून जाऊन बसता येतं. तिथे एक भाग असतो, आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, एक जण हिरवं, पिवळं, लाल दाखवून वेळ सांगतो, एक जण तुम्ही किती वेळा आ ऊ केलं ते मोजतो. हे बीडमध्ये चार मित्र जमवून फुकट करता येईल. चिठ्ठ्यांवर विषय लिहा, साधेच, बसस्टँड, दुष्काळ, आईचा मोबाईल, क्रिकेट. मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर. नियम दोनच, मध्ये कोणी चूक काढायची नाही आणि वेळ संपायच्या आत कोणी खाली बसायचं नाही, सुचलं नाही तर गप्प उभं राहायचं. पहिल्या दिवशी बराच वेळ सगळे गप्पच उभे राहाल, आणि हसाल. आठवड्यातून तीन संध्याकाळी बसा, परीक्षा संपेपर्यंत चालवा, आणि मग काय झालं ते मला कळव.